तकाफुल, भिशी आणि गाळ्याचा विमा: छोट्या धंदेवाल्यांनो, तुमचं खरं मत सांगा

खाडीकाठ

कुर्ल्यात मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचा फर्निचरचा गाळा आहे. खाली कारखाना, पोटमाळ्यावर पॉलिशचं सामान आणि तयार माल. आम्ही कोकणी मुसलमान, मूळचे महाड तालुक्यातले. अब्बांनी रंधा हातात घेऊन धंदा सुरू केला, आता मी बघतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या गाळ्यात छातीपर्यंत पाणी होतं. प्लाय फुगून पुस्तकाच्या पानांसारखं सुटलं, मोटरी चिखलात गेल्या, गिऱ्हाइकांची तयार कपाटं गेली. विमा नव्हता. अब्बांचं म्हणणं एकच: विम्यात व्याज आहे, जुगार आहे, तो पैसा घरात नको. जमातीनं मदत केली, एका गुजराती प्लायवाल्यानं वर्षभर उधारीवर माल दिला, तेव्हा कुठे उभे राहिलो. पण सावरायला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत बहिणीचं शिक्षण सुटलं. ती गोष्ट मला अजून टोचते.

आता एका ऑफिसचं मोठं काम मिळतंय. करारात अट आहे की माल विमा उतरवलेला हवा. म्हणून महिनाभर वाचतोय. तकाफुल म्हणजे इस्लामी पद्धतीचा विमा. मलेशियात आहे, आखातात आहे, पाकिस्तानात आहे. भारतात तसा परवाना कुठल्याच कंपनीकडे नाही.

मग आमच्या गल्लीत दहा-बारा गाळेवाल्यांशी बोललो. आधी सगळे म्हणाले, "आपल्यात चालत नाही." दुसरा चहा आला की तेच लोक म्हणाले, "आणि क्लेम कुठे मिळतो?" आमच्या शेजारी एक सुतार आहेत, सिंधुदुर्गातले, हिंदू. त्यांना धर्माची काहीच अडचण नाही. तरी विमा त्यांचाही नाही. तेव्हापासून मला वाटायला लागलंय की धर्माचं कारण खरं आहे, पण ते एकटं नाही.

म्हणून विचारतो. तुमचा धंदा छोटा असेल तर विमा घेतलाय का? नसेल तर का नाही? आणि उद्या तकाफुल आलं तर घ्याल का, मुसलमान असा किंवा नसा?

लालबागची मिरची

आमचा मसाल्याचा धंदा आहे, सासूबाईंपासून चालत आलेला. विमा नाही. कारण विचाराल तर कुणी कधी सांगितलंच नाही. एलआयसीवाले घरी येतात, दुकानाचा विमा घ्या म्हणून आजपर्यंत एकही माणूस पायरी चढला नाही.

आमचा विमा म्हणजे भिशी. वीसजणी आहोत. मागच्या पावसाळ्यात एकीच्या गोदामात ओल शिरून धण्याची पोती काळी पडली, तर आम्ही तिचा नंबर पुढे घेतला. कुणी कुरकुर केली नाही. तुम्ही सांगताय ते तकाफुल म्हणजे आमची भिशीच मोठी केलेली, असं आहे का?

मुंब्र्याचा अभ्यासक

लालबागताई, बरंचसं तसंच आहे, फरक एका जागी आहे. भिशीत तुमचे पैसे तुमचेच राहतात, फक्त पाळी बदलते. तकाफुलमध्ये तुम्ही ठरलेली रक्कम सामायिक निधीला दान म्हणून देता. त्या दानाला तबर्रू म्हणतात. ज्याचं नुकसान होईल त्याला त्या निधीतून भरपाई मिळते.

नेहमीच्या विम्यावर आक्षेप तीन आहेत, ते नीट समजून घेऊ. एक, रिबा म्हणजे व्याज: विमा कंपनी आपला हप्ता रोख्यांत गुंतवते आणि त्यावर व्याज कमावते. दोन, ग़रर म्हणजे सौद्यातली अनिश्चितता: मी आज पैसे दिले, बदल्यात काय मिळणार, कधी, मिळेल की नाही, काहीच पक्कं नाही. विक्रीच्या करारात एवढी अनिश्चितता चालत नाही. तीन, मैसिर म्हणजे जुगार: आग लागली तर मी जिंकलो, नाही लागली तर कंपनी जिंकली.

तकाफुलचं उत्तर असं की विक्रीच नको. दानात अनिश्चितता असली तरी चालते, कारण देणारा बदल्यात काही विकत घेत नाही. कंपनी निधीची मालक नसते, फक्त कारभारी असते. वकाला पद्धतीत ती ठरलेलं शुल्क घेते. समजा तुम्ही दहा हजार भरले आणि शुल्क तीस टक्के ठरलंय, तर तीन हजार कारभाऱ्याचे आणि सात हजार निधीत. वर्षाअखेर निधीत उरलं तर ते सभासदांचं. कमी पडलं तर कारभाऱ्यानं बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्ज़-ए-हसन, निधीला द्यायचं. पैसा दारू, व्याज, जुगार अशा धंद्यांत गुंतवायचा नाही.

हे सगळं नवंही नाही, फार जुनंही नाही. एकोणिसाव्या शतकात दमास्कसचे धर्मपंडित इब्न आबिदीन यांनी जहाजांच्या विम्यावर लिहिलं, तो विमा युरोपातल्या व्यापाऱ्यांबरोबर बंदरांत आला होता. आजच्या स्वरूपाची पहिली कंपनी १९७९ साली सुदानमध्ये निघाली. मलेशियानं १९८४ साली तकाफुलचा कायदाच केला. १९८५ साली जेद्दाच्या इस्लामी धर्मशास्त्राच्या फिक़्ह अकादमीनं ठराव केला की नफ्याचा व्यापारी विमा नाजायज़, सहकारी तत्त्वावरचा विमा जायज़. सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही, म्हणून मला वाटतं की हे इथे समजावणं अवघड जाऊ नये.

नळबाजार

अभ्यासकसाहेब, पुस्तकात छान वाटतं. मी वीस वर्षं हार्डवेअर विकतोय. शुल्क कापायचं, पॉलिसी द्यायची, क्लेमला सर्व्हेअर पाठवायचा, तर गिऱ्हाइकाला फरक काय दिसतो? नाव अरबी, एवढाच?

आणि एक भीती आहे, ती मोकळेपणानं मांडतो. "हलाल नफा" म्हणून आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांचे पैसे बुडवले. २०१९ मध्ये बंगळूरुत आयएमए नावाची कंपनी बुडाली, त्यात आमच्या बाजारातल्या लोकांचेही पैसे होते. माझ्या मेव्हण्याची आयुष्यभराची बचत गेली. मालक पाच वेळचा नमाजी, पोस्टरवर बिस्मिल्ला, एवढं बघून लोकांनी कागद वाचले नाहीत. त्यामुळे तकाफुल म्हणून कुणी दारात आला तर मी आधी विचारेन, सरकारी नियामकाचा परवाना दाखव. नसेल तर खाली उतर.

मुंब्र्याचा अभ्यासक

नळबाजारभाई, तुमच्या मेव्हण्यांचं ऐकून वाईट वाटलं. परवान्याबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. परवाना नसलेली "इस्लामी विमा योजना" भारतात कुणी विकत असेल तर तिच्यापासून लांब राहा. ते तकाफुल नाही.

फरक दिसत नाही हा आक्षेप तकाफुलच्या देशांतले उलमा, म्हणजे धर्मपंडितही घेतात. मलाही तो पटतो, पूर्ण नाही, पण बराचसा. फरक दिसायचा असेल तर उरलेला पैसा खरोखर सभासदांना परत गेला पाहिजे आणि हिशेब उघडा असला पाहिजे. तिथे जी कंपनी कचरते तिथे नावच उरतं.

निवृत्त सर्व्हेअर

तीस वर्षं आग आणि पुराचे क्लेम पाहिले. धर्माबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण लालबागताईंच्या भिशीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती तकाफुललाही लागू आहे.

वीसजणींपैकी एकीच्या गोदामात ओल शिरली तर एकोणीसजणी तिला धरतात. पण २६ जुलैला काय झालं? कुर्ला, साकीनाका, कालिना, सगळ्यांचं एकाच दुपारी गेलं. मी त्या आठवड्यात एका गल्लीत शिरलो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर येईपर्यंत एकही कोरडं शटर दिसलं नाही. त्या गल्लीचीच भिशी असती तर कुणी कुणाला द्यायचं? एकाच गल्लीतली, एकाच जमातीतली, एकाच धंद्यातली माणसं एकत्र आली की विश्वास भरपूर असतो, पण धोकाही एकत्रच असतो. म्हणून विमा कंपनी पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे विमा उतरवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. कुर्ल्याचा पूर लांबच्या देशातल्या हप्त्यांनी भरून निघतो. तकाफुललाही हे लागतंच, त्यांच्यात त्याला रीतकाफुल म्हणतात.

खाडीकाठ

सर्व्हेअरसाहेब, हे वाचून मला महाड आठवलं. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माझ्या मामूचं किराणा दुकान तिथेच. त्यांची व्यापाऱ्यांची भिशी होती, बावीस दुकानदारांची. बावीसच्या बावीस दुकानं पाण्यात. पुढच्या महिन्यात कुणी हप्ताच भरू शकलं नाही. भिशी कुणी मोडली नाही, ती आपोआप थांबली. मदत आली ती मुंबईहून, पुण्याहून आणि कुवेतला असलेल्या पोरांकडून. म्हणजे लांबून. त्या वेळी मला हे कळलं नव्हतं, आता तुमच्या शब्दांत कळलं.

धारावी चामडं

पिशव्या आणि पट्टे करतो. माझ्याकडे विमा होता आणि तरी मी नाराज आहे. वरच्या मजल्यावर शॉर्ट सर्किट झालं, चार लाखांचं चामडं आणि अस्तर गेलं. हातात आले दोन. कंपनीचं नाव घेत नाही. "ॲव्हरेज लावलं" एवढंच सांगितलं. तेव्हापासून गल्लीत माझं उदाहरण देऊन लोक विमा नाकारतात. धर्म वगैरे नंतर, आमच्याकडे हे पहिलं कारण.

निवृत्त सर्व्हेअर

तुमच्यावर अन्याय झाला की नाही हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ॲव्हरेज काय ते तुम्हाला तेव्हाच कुणीतरी समजावायला हवं होतं. समजा गाळ्यात वीस लाखांचा माल होता आणि हप्ता वाचवायला विमा दहाचाच काढला होता. म्हणजे निम्मा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवला. मग चार लाखांच्या नुकसानीतलेही निम्मे तुमचे. कुणीही विकताना हे सांगत नाही, आणि धारावीत तर सणाच्या आधी माल दुप्पट होतो, पॉलिसी तीच राहते.

१ एप्रिल २०२१ पासून नियामकानं छोट्या धंद्यांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली आहे, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. एका जागेवरची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ही. त्याच्या वर पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. सूक्ष्ममध्ये आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे सगळं मुळातच धरलेलं आहे. आणि विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ॲव्हरेज लावत नाहीत. शब्द सगळ्या कंपन्यांत सारखे, त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि सेवेची करायची.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. एकट्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग दोघांनाही तिथे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माझ्या पाहण्यात दहा गाळेवाल्यांतल्या एकालाही हे माहीत नसायचं.

धारावी चामडं

लोकपालाचं खरंच माहीत नव्हतं. माझी वर्षाची मुदत कधीच उलटून गेली. पण गल्लीत सांगेन.

लालबागची मिरची

दंगल मुळातच धरलेली आहे हे वाचून थांबले. १९९२-९३ ला मी लहान होते, पण आमच्या चाळीखालची जळलेली दुकानं मला आठवतात. दोन्हीकडची.

नळबाजार

ताई, त्या दिवसांनंतरच आमच्याकडे विम्याची चर्चा सुरू झाली. आमच्या मशिदीत एक बुजुर्ग मौलाना होते. ते म्हणायचे, विमा मुळात नाजायज़ आहे, पण ज्याला जानमालाचा खराखुरा धोका आहे त्याच्यासाठी ज़रूरत म्हणून मुभा आहे. माझ्या वडिलांनी तेव्हा दुकानाचा विमा घेतला आणि आयुष्यभर मनाला खात राहिले. दरवर्षी हप्त्याच्या दिवशी गप्प असायचे. म्हणून मी वर कडक बोललो तरी सांगतो, चोख परवाना आणि उघडा हिशेब असलेलं तकाफुल आलं असतं तर माझ्या वडिलांनी ते पहिल्या दिवशी घेतलं असतं. शांत मनानं झोपण्याची किंमत असते.

मुंब्र्याचा अभ्यासक

नळबाजारभाई, भारतातल्या बऱ्याच उलमांनी ज़रूरतेचा हाच मार्ग धरला आहे. कायद्यानं सक्तीचा विमा, जसा गाडीचा थर्ड पार्टी, त्याबद्दल तर फारसा वादच नाही. काही जण असंही सांगतात की क्लेम आला तर भरलेल्या हप्त्यांइतकी रक्कम ठेवा, वरची गरजूंना द्या. छोट्या कारखानदाराला हे झेपत नाही हेही खरं, कारण त्या वरच्या रकमेनंच तर मशीन परत घ्यायचं असतं. खाडीकाठ, तुमच्या बाबतीत हा प्रश्न तुमच्या विश्वासातल्या आलिमला समोरासमोर विचारा. इथल्या कुणाच्या, माझ्याही, लिहिण्यावर ठरवू नका.

हिशेबवही

उशिरा लिहितोय. परळला छोट्या धंद्यांची खाती लिहितो. "भारतात तकाफुल का नाही" हा प्रश्न अनेक गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून थोडं.

१९३८ चा विमा कायदा धर्माबद्दल काही बोलत नाही. सहकारी संस्थेनं विमा करायलाही त्यात जागा आहे. अडचण भांडवलाची आहे: विमा कंपनी काढायला किमान शंभर कोटी रुपये लागतात. गल्लीनं, जमातीनं, मंडळानं आणायचे कुठून? शिवाय कंपनीला पैशाचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, आणि त्यावर व्याज येतं. तिथे शरीयतचा सल्लागार अडतो. २०२० साली मिराई चॅटर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नियामकाला सुचवलं होतं की सूक्ष्म विम्यासाठी, म्हणजे गरिबांच्या छोट्या रकमेच्या विम्यासाठी, भांडवलाची अट वीस कोटींवर आणा आणि सहकारी आणि सभासदांच्याच मालकीच्या परस्पर संस्थांना वाव द्या. मला ती सूचना मनापासून पटते. ती पाळली गेली तर लालबागताईंच्या भिशीला आणि खाडीकाठच्या जमातीला एकाच दारातून आत जाता येईल. शरीयतचा शिक्का ज्याला हवा त्याचा तो लावेल.

परस्पर मदतीचा निधी आपल्याकडे नाहीच असंही नाही. अन्नपूर्णा परिवार पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत कष्टकरी बायकांसाठी आजारपणाचा असा निधी वर्षानुवर्षं चालवतो आहे. बायका स्वतः भरतात आणि निधी त्यांचा असतो. त्यात धर्माचं नाव नाही, पण तत्त्व तेच.

आणि एक सावधानतेची गोष्ट. ब्रिटनमध्ये २००८ साली सलाम नावाची तकाफुल कंपनी मोठ्या अपेक्षेनं सुरू झाली. २००९ संपायच्या आत तिला नवे विमे थांबवावे लागले, नवं भांडवल मिळालं नाही. भावना होती, गिऱ्हाईक होतं, पण पाठीशी पुरेसा पैसा नव्हता.

नळबाजार

शंभर कोटी! मग आमच्या हयातीत काही येत नाही.

लालबागची मिरची

मी मुसलमान नाही, तरी मूळ प्रश्नाचं उत्तर देते. वर्षाअखेर उरलेले पैसे परत देणारा विमा कुणी आणला तर मी घेईन, नाव काहीही असू दे. भरलेलं सगळं कंपनीच्या पोटात जातं म्हणूनच आमच्याकडे बायका नाक मुरडतात. आणि तोवर ती सूक्ष्मवाली पॉलिसी विचारणार आहे. मिरची भिजली की फेकूनच द्यावी लागते, तिचं दुसरं काही होत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. हा धागा मी काल रात्री अब्बांना वाचून दाखवला. सगळा. त्यांची नजर आता अधू झाली आहे. भिशी आणि महाडचं वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवून तो भाग दुसऱ्यांदा वाचायला लावला.

मग मी त्यांना विचारलं, टेम्पोचा विमा तुम्ही इतकी वर्षं भरत आलात ना? ते म्हणाले, "तो हुकूम होता, हा मर्ज़ीचा आहे. मर्ज़ीचं उत्तर मला द्यावं लागेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या तुझ्या तकाफुलमध्ये उरलेलं कुणाचं?" म्हटलं, भरणाऱ्यांचं. "आणि इथे?" म्हटलं, कंपनीचं. बराच वेळ गप्प बसले.

आज सकाळी ते स्वतः आमच्या इमामसाहेबांकडे जाऊन आले. इमामसाहेबांनी त्यांना एकच विचारलं: पुन्हा पाणी आलं तर गाळ्यातल्या सहा कारागिरांचा पगार कोण देणार? अब्बा घरी आले आणि म्हणाले, घे, पण पुराचा भाग नीट वाचून घे, आणि हप्ता माझ्या पैशातून जाऊ दे. त्यांनी असं का म्हटलं ते मी विचारलं नाही. माझ्यावर ओझं नको म्हणून असेल.

उद्या तीन कंपन्यांचे दर मागवतोय. सर्व्हेअरसाहेब, एकच विचारायचं राहिलं. माझा तयार माल पोटमाळ्यावर असतो, लाकूड आणि मशीन खाली. पोटमाळा नंतर बांधलेला आहे, पत्र्याचा. त्यावरचा माल धरतील का?

निवृत्त सर्व्हेअर

प्रस्तावात पोटमाळा आहे हे लपवू नका. वेगळं लिहा: बांधकाम कशाचं, वर किती रुपयांचा माल, खाली किती, मशीन किती. पॉलिश आणि थिनर ठेवता तेही लिहा, क्लेमच्या वेळी लोक तिथेच अडकतात. स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं गाळ्यात ठेवू नका, घरी ठेवा. २००५ ला निम्म्या लोकांच्या वह्या मालाबरोबरच वाहून गेल्या होत्या. आणि पावसाळ्याआधी गाळ्याचे फोटो तारखेसकट काढून मुलीच्या किंवा भावाच्या फोनवर पाठवून ठेवा.

दर आले की इथे टाका, शब्द मी वाचून देतो.